रिकाम्या कोपऱ्यातला काळा मासा

रिसालीत घर बांधायला काढलं तेव्हा ठेकेदाराने नकाशा आणून दिला. बैठकीच्या ईशान्य कोपऱ्यात एक लहानसा चौकोन होता आणि त्यात 'पूजा' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, हे खोडा. तो म्हणाला, "साहब, सबके यहाँ रहता है." मी म्हटलं, सगळ्यांकडे असेल, आमच्याकडे नाही. स्वयंपाकघरच नको म्हटल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी भिंत गेली, चौकोन गेला, पण इलेक्ट्रिशियनने सवयीप्रमाणे त्या कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर एक प्लग पॉइंट काढूनच ठेवला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणे, माताजीच्या लायटिंगला. पुढे बरेच दिवस तो प्लग तसाच रिकामा होता. येता-जाता दिसायचा आणि माझं डोकं फिरायचं.

हे डोकं फिरणं समजायचं तर एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील भंडाऱ्याकडून इथे, हिंदी मुलखात, पोलादाचा प्लांट उभा राहत असताना कामाला आले. येण्याआधी गावात त्यांनी दीक्षा घेतली होती आणि घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडले होते. त्यांची आई नदीकाठी बसून रडली. वडील रडले नाहीत. परत येऊन त्यांनी रिकाम्या देवळीत माझ्या काकाची शाळेची पुस्तकं ठेवली. आमच्या घरात बुद्धाची एक मूर्ती आहे, निळ्या कोटातली एक तसबीर आहे, आणि त्यापलीकडे काही नाही. कॉलनीत, विहारात, खात्यात, सगळीकडे माझी ओळख तीच. 'तो? तो काही मानत नाही.' लोक हे कौतुकाने म्हणायचे की वैतागाने, ते मी कधी तपासलं नाही. मला ते आवडायचं.

मी प्लांटच्या रिफ्रॅक्टरी खात्यात होतो. भट्ट्यांच्या आत ज्या विटा बसवतात त्यांचं काम. भट्टी बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून वीट खात असते, त्यामुळे वरवरच्या चकचकीतपणावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय हाडात मुरली. ती घरीही आली. बायको म्हणते, तुम्ही दूधवाल्याच्या सावलीवरही संशय घेता. दूधवाला पाणी घालत होता हे नंतर सिद्ध झालं, पण त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही.

मुलाने लग्न स्वतःच्या पसंतीने केलं. सून दुर्गच्या रेल्वे कॉलनीतली, नागपूरकडचंच मराठी घर, वडील गार्ड. माणसं चांगली, पण देवाधर्माची. लग्नानंतर तिच्या बॅगेतून पितळेचा एक छोटासा बाळकृष्ण निघाला. माझ्या बायकोने तो त्याच्याच रुमालात नीट गुंडाळला आणि सुनेच्या आईच्या हातात दिला. म्हणाली, "बाई, हे तुमच्याकडंच शोभते. आमच्या घरात हे जमत नाही." सून शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही आणि पुढेही कधी तिने तो विषय काढला नाही. मला तिथेच खटकलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. जो माणूस इतक्या सहज सोडतो, त्याने खरंच सोडलेलं असतं का?

म्हणून एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "बाबा, त्या कोपऱ्यात मी मासे ठेवू का?" तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"त्याच कोपऱ्यात कावून?" मी विचारलं.

"तिथं ऊन येत नाही. ऊन आलं का पाणी हिरवं होते. अन प्लग बी तिथंच आहे."

उत्तर चोख होतं. चोख उत्तराचाच मला जास्त संशय येतो, कारण ते आधी तयार करून ठेवलेलं असतं. ईशान्य कोपरा, पाणी, मासे. वास्तूवाले हेच सांगतात, हे मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीत एकाने संडास पाडून दुसरीकडे बांधला होता, त्यामुळे ही विद्या आमच्या भागात चांगलीच पसरलेली होती. पण 'नाही' म्हणायला कारण नव्हतं. मुलगा म्हणाला, करू द्या ना बाबा. बायको भात वाढत राहिली. तिचं लक्ष त्या दिवसांत माझ्या छातीकडे असायचं. जिना चढताना मला थोडं जड वाटलं होतं, डॉक्टरने अँजिओग्राफी करून घ्या म्हणून सांगितलं होतं, आणि मी 'उन्हाळा जाऊ द्या' म्हणून टाळत होतो. मी ते मनावर घेतलं नव्हतं. तिने घेतलं होतं, पण बोलून दाखवलं नव्हतं.

काचेची टाकी आली, लोखंडी स्टँड आला. मग सुनेने मागच्या अंगणात दुकान मांडलं. ती एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते, दुपारी घरी येते, आणि आली की जेवून थेट अंगणात. फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल तिने जपून ठेवलं होतं. ते तापवलेल्या चाकूने कापायची, नखांनी टोकरायची, तुकड्यावर तुकडा चिकटवायची. पांढरे दाणे वाऱ्याने उडून भाताच्या ताटापर्यंत यायचे. हे टाकीच्या मागच्या काचेला लावायचं पडद्यासारखं, म्हणजे मागची भिंत दिसत नाही, दगडाचा कडा दिसतो, असं ती म्हणाली. बाजारात छापील चित्रं मिळतात की, मी म्हटलं. ती म्हणाली, त्यात मजा नाही. काम संपलं की ती त्यावर जुनी चादर टाकून ठेवायची.

चादर! माणूस चादर कशावर टाकतो? मी दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर उचलून पाहिलं. दोन बाजूंना दोन खांब, मध्ये कमानीसारखं भोक. वर निमुळतं होत गेलेलं टोक. देऊळच होतं. मी चादर परत जशीच्या तशी टाकली आणि संध्याकाळपर्यंत धुमसत राहिलो. शेवटी ती आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते मधातलं भोक कशाचं?"

"फिल्टरचा पाइप जाईन ना त्यातून. अन हे दोन्ही बाजूचे झाडाचे मुळं आहेत, बाबा. खांब वाटून राहिले काय? अजून बारीक करतो मंग."

आणि तिने माझ्यासमोर चाकू घेऊन त्या खांबांना फाटे फोडले. मी लोकांना दाखवतो त्या चेहऱ्याने उभा राहिलो, पण आतून मला समजेना की हिने सत्य सांगितलं की पुरावा नष्ट केला.

सिमेंटची वेळ आली तेव्हा मात्र मला राहवलं नाही. ती एकदमच जाड थर देत होती. तो सुकल्यावर तडकणार हे मला समोर दिसत होतं, आणि चुकीचा थर पाहत बसणं मला जन्मात जमलेलं नाही. मी तिला बाजूला सारून कुंचा हातात घेतला. पहिला थर ताकासारखा पातळ, तो ओला असतानाच दुसरा, मग फरशीला घालतात तो लाल आणि काळा रंग मिसळून तिसरा. मग ओल्या पोत्याने झाकून पाणी मारत राहायचं. पुढे ती म्हणाली, सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, माशांना सोसत नाही. म्हणून बाथरूममधल्या मोठ्या टबात ते बुडवायचं आणि पाणी बदलत राहायचं. थेंब टाकून पाण्याचा रंग पाहायची एक बाटली तिच्याकडे होती. रंग उतरला की ती मला हाक मारून दाखवायची. त्या दिवसांत मी तिच्यावर संशय घेत होतो हे खरं, आणि रोज दुपारी तिच्या स्कूटीच्या आवाजाची वाट पाहत होतो हेही खरं. दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

पडदा काचेला चिकटला, टाकी कोपऱ्यात बसली, प्लगमध्ये पिन गेली. मग सुरू झाले खरे प्रकार.

आधी आली लाल माती. तिच्या मामाकडून, राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीकडची, कापडात बांधलेली. झाडांना लोह लागतं म्हणे. त्या मातीच्या लोखंडावर मी जन्मभर पोट भरलं, झाडालाही ते लागतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. असेल. पण कापडात गाठ मारून माती कशाला आणायची? पिशव्या संपल्या होत्या का? मग उतईच्या तळ्यातली लांब पात्यांची झाडं आली. मग एक वाकडंतिकडं लाकूड, आणि त्या लाकडाला तिने एक झाड काळ्या धाग्याने बांधलं. काळा धागा! मी समोर बसून पाहिलं. ती दाताने धागा तोडत म्हणाली, "मुळं धरले का धागा आपोआप सडून जाते." मग बदामाची वाळलेली पानं आली, ती पाण्यात सोडली. पाणी चहासारखं झालं. मी विचारलं, हे काय? त्याने बुरशी होत नाही म्हणे. एके दिवशी चिमूटभर मीठ.

लाल माती, काळा धागा, झाडाची पानं, मीठ. आमच्या गावाकडे कोणाला नजर लागली तर जो माणूस बोलवायचे, त्याच्या झोळीत याहून जास्त काही नसायचं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, टाकीत मासे नव्हतेच. पाणी भरून आठवडे झाले, दिवा रोज ठरल्या वेळी लागायचा आणि ठरल्या वेळी विझायचा, आणि ती शाळेतून आली की चिमूटभर खाद्य रिकाम्या पाण्यात टाकायची. कोणीच नाही त्याला नैवेद्य! मी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं.

"पाहून राहिली ना? मासा एक नाही, अन खायला घालून राहिली."

"ती म्हणते, पाणी पिकावं लागते. ते खाद्य सडते, त्याच्यानं पाण्यात चांगले जंतू होतात. मंग मासे सोडायचे."

"अन तुले पटलं?"

"मले काय समजते त्यातलं," ती म्हणाली आणि भाताकडे वळली. तिचा आवाज थोडा वेगळा होता. माझं सगळं लक्ष सुनेवर होतं, त्यामुळे तो मी कानाआड केला.

मी सुपेल्याला गेलो. चौकाजवळ माशांचं एक दुकान आहे, तिथूनच सुनेने टाकी घेतली होती. गिऱ्हाईक असल्यासारखं मी दुकानदाराला विचारलं की लोक टाकी कुठे ठेवतात.

"ईशान में रखो अंकल, सबसे बढ़िया," तो म्हणाला. "आठ सुनहरी, एक काली. गोल्डफिश ना हो तो नारंगी कोई भी चलेगी. घर पे जो आफत आएगी, काली अपने ऊपर ले लेगी. मर जाए तो समझो बला गई. तुरंत दूसरी डाल देना."

"तुम मानते हो ये सब?"

"हम तो बेचते हैं, अंकल."

त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला. आठ आणि एक. आकडा मी डोक्यात पक्का बसवून घरी आलो आणि वाट पाहू लागलो.

सुनेने मासे आणले ते नारंगी होते. प्लॅटी म्हणतात त्यांना, बोटाच्या पेराएवढे. मी टाकीसमोर खुर्ची ओढून मोजले. मासे मोजणं अवघड काम आहे, ते रांगेत उभे राहत नाहीत. आठ. पुन्हा मोजले. आठच. मी तिला विचारलं, आठच कावून? ती म्हणाली, टाकी नवी आहे, आधी थोडेच सोडायचे. मी मान हलवली. आता फक्त काळ्याची वाट होती.

मला हे कबूल करायला हवं की मासे फार सुंदर होते. तो सिमेंटचा कडा पाण्यात गेल्यावर खरोखरच ओल्या दगडासारखा दिसत होता, त्यावर मी दिलेला तिसरा थर कुठे आहे ते मला ओळखू येत होतं, आणि त्याच्यापुढून ते नारंगी ठिपके जायचे. विहारातली मंडळी घरी आली की मी स्वतः दिवा लावून दाखवायचो आणि म्हणायचो, सुनेने केलं. मंडळी म्हणायची, छान आहे, पण कोपरा बरोबर धरला हो तुम्ही. आणि हसायची. त्या हसण्याने माझ्या अंगाची लाही व्हायची. आयुष्यभर मिळवलेलं नाव ही पोरगी एका काचेच्या पेटीत बुडवणार, असं मला वाटायचं.

आणि एका संध्याकाळी मी खुर्चीत बसून पाहतो तर लाकडामागून एक काळा मासा बाहेर आला. पूर्ण काळा. डोळासुद्धा दिसेना. बाकीच्यांहून थोडा मोठा.

जेवणाच्या वेळी मी ताट बाजूला सारलं. मुलगा दुपारच्या शिफ्टला होता. आम्ही तिघेच. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढं म्हणालो की तुले देव पाहिजे होते तर तोंडावर सांगायचं होतं, चोरून कावून आणते? ज्या कोपऱ्यातून मी देवघर काढलं तिथंच आणून बसवलं? माझ्या बापानं नदीत सोडलं अन तू पाण्यातून वर काढून राहिली?

सुनेने हातातला घास खाली ठेवला. तिने फक्त एवढंच म्हटलं, "बाबा, काळा म्या नाही आणला. म्या आठ आणले."

"मंग चालत आला काय तो सुपेल्याहून?"

ती उठून आपल्या खोलीत गेली. मला अगदी बरं वाटलं, आणि थोड्या वेळाने अजिबात बरं वाटेना. बायको ताटं उचलत होती. सुनेचं अर्धं राहिलेलं ताट तिने झाकून ठेवलं. तेवढ्याने मी गप्प व्हायला हवं होतं, पण मी म्हटलं, "पाहिलं ना? अजूनही खोटंच बोलून राहिली."

दुसऱ्या दिवशी सून शाळेत गेली. मुलगा झोपला होता. बायको अंबाडीची पानं खुडत बसली होती. मी पेपर घेऊन तिच्यासमोर बसलो. तिने मान खाली ठेवूनच म्हटलं, "काळा म्या आणला."

मला आधी अर्थच लागला नाही.

"म्या आणला. सुपेल्याहून, डब्यात. तिले माहीत नाही."

मी पेपर खाली ठेवला. ही बाई विहारात पुढे बसते. लग्नाआधी गावच्या सभेत भूत-भानामतीवर भाषण करून ती मला आवडली होती. बाळकृष्ण रुमालात गुंडाळून हिनेच परत पाठवला होता.

"कावून?" मी म्हटलं.

"तुमी डॉक्टरकडं जात नाही," ती म्हणाली. "जिन्यावर मधात थांबता, अन तुमाले वाटते का मले दिसत नाही. काय करू मी? कोनाले सांगू? वंदनेत बसतो तर डोळे मिटले का तुमची छातीच दिसते." तिने पानं खुडणं थांबवलं नव्हतं. देठ आणि पानं एकत्रच पडत होती. "ते लोक म्हणतात, काळा मासा आपल्यावर घेते. मले माहीत आहे का खोटं आहे. पण आठ तर होतेच तिथं. कोपरा बी तोच होता. एकच कमी होता."

एकच कमी होता. ज्या ज्या गोष्टीने मला संशय आला होता, कोपरा, पाणी, आठ नारंगी, त्याच त्याच गोष्टीने तिला धीर दिला होता. मी सुनेवर नजर ठेवून बसलो होतो आणि बायको त्याच टाकीकडे बघून माझ्यासाठी काहीतरी मागत होती. मला रडू आलं. मी पेपर तोंडासमोर धरला.

"तिले सांगू नका," बायको म्हणाली. "तिचा देव म्या माझ्या हातानं परत पाठवला. आता कोन्या तोंडानं सांगू तिले?"

मी शब्द दिला. आणि त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करून अँजिओग्राफीची तारीख घेतली, सोमवारची. संध्याकाळी सुनेला म्हटलं, "चुकलं माझं. दुकानदारानं चुकून टाकला असन." ती म्हणाली, "असन." पण तिने मासे स्वतः पिशवीत मोजून घेतले होते, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून तीही मला एका वेगळ्याच नजरेने पाहू लागली. ती नजर मी ओळखत होतो. ती माझीच होती.

काळ्या माशाला मात्र बायकोने जीव लावला. सकाळी उठली की आधी कोपऱ्यात जायची, चूळ भरायच्याही आधी. तो दिसला की मग चहा ठेवायची. नाही दिसला तर वाकून लाकडामागे पाहायची. मी अंथरुणावरून बघायचो आणि काही बोलायचो नाही. न बोलणं मला किती जड जातं हे तिला माहीत आहे. मी न बोलण्यानेच तिला समजलं असावं की मी रागावलेलो नाही.

सोमवारच्या आदल्या रविवारी ती पहाटेच पांढरी साडी नेसून विहारात गेली. तिथे स्वयंपाकाची तयारी होती, घाईत ती कोपऱ्यात गेली नाही. मी छाती जड आहे म्हणून घरी थांबलो. मुलगा सकाळच्या शिफ्टला, सून रविवारच्या बाजाराला. मी दिवा लावला. आठ नारंगी वर आले. काळा लांब पात्यांच्या बुडाशी आडवा पडला होता.

दुकानदाराच्या हिशेबाने ही चांगली बातमी होती. बला गेली. पण मी माझ्या बायकोला ओळखतो. उद्या मला आत नेतील तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसेल, आणि टाकीत आठच मासे असतील. मग ती त्या बाकावर काय काय विचार करेल ते मला समोर दिसलं. मी जाळीने तो काढला, मोगऱ्याच्या कुंडीत पुरला, स्कूटर काढली आणि सुपेल्याला गेलो. दुकान नुकतंच उघडत होतं.

"अरे अंकल, आप तो मानते नहीं थे," दुकानदार म्हणाला.

"काली दे जल्दी," मी म्हटलं.

परत येताना पिशवी मी हँडलला न लावता शर्टाच्या आत धरली होती, कॉलनीत कोणी पाहू नये म्हणून. घरात आलो, टाकीचं झाकण काढलं आणि पिशवीचा रबर सोडायला लागलो, तेवढ्यात दारात सून उभी. हातात भाजीची थैली.

तिने पिशवीकडे पाहिलं, मग टाकीकडे, मग माझ्याकडे.

"तो मेला?"

"हाव."

"अन तुमी दुसरा आणला." तिने पुन्हा टाकीकडे पाहिलं. "म्हणजे पहिला बी तुमीच आणला होता, बाबा."

एक वाक्य पुरलं असतं. तुझ्या सासूने आणला. एवढं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो, माझं नाव, माझ्या बापाचं नाव, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. मग मला तो रुमाल आठवला, आणि तो परत देताना माझ्या बायकोचा ताठ चेहरा.

"हाव," मी म्हटलं. "म्याच आणला."

"तुमी मानता हे?"

ज्या माणसाने नकाशातलं देवघर खोडलं, त्याला त्याच कोपऱ्यात उभं करून ती हे विचारत होती. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती. मी तिकडे पाहिलं नाही.

"मानतो," मी म्हटलं.

ती भाजीची थैली हातात घेऊन तशीच उभी राहिली. "मंग त्या दिवशी मले एवढं कावून बोलले, बाबा?"

 मी पिशवीतल्या माशाकडे बघत राहिलो. ती ओरडेल असं मला वाटलं, आणि तिने ओरडावं असंही वाटलं. तिने थैली खाली ठेवली, जवळ आली, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि रबर परत लावून ती तशीच पाण्यावर तरंगत सोडली.

"एकदम नका सोडत जाऊ. पाण्याची सवय होऊ द्या त्याले. मागच्याले तसंच टाकलं असन, म्हणून गेला तो."

मी मान हलवली. फाटक वाजलं. विहारातून बायको आली होती. सुनेने पटकन पिशवी मोकळी करून मासा आत सोडला, रिकामी पिशवी चुरगाळून आपल्या ओढणीत लपवली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आईले नाही सांगत मी. त्यायले लय वाईट वाटन."

बायको चपला काढून आत आली. आमच्या दोघांकडे न बघता ती सरळ कोपऱ्यात गेली आणि वाकली. तिचे ओठ हलत होते. नऊ भरल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "जेवायले वाढू?"